डॅक झोपला तरी बॅटरी का संपते? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी डॅकवर, म्हणजे डिजिटल टू अ‍ॅनालॉग कन्व्हर्टरवर, चार ओळी लिहिल्या होत्या, की मायक्रोकंट्रोलरमधला आकडा बाहेर व्होल्टेज म्हणून काढून देणारी ही चिप आता इतक्या कमी करंटवर चालते की बॅटरीच्या सर्किटात बिनधास्त वापरा. त्यावर बरीच पत्रं आली आणि त्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच आहे, चिप कमी खाते हे खरं पण बॅटरी काही टिकत नाही. म्हणजे मी अर्धीच गोष्ट सांगितली होती. राहिलेली अर्धी ह्यावेळी सांगतो.

प्रश्न : नमस्कार सर, आमची गोव्यात चोडणला खाजन शेती आहे, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातशेती. बांधाला कुठे भोक पडलं की खारं पाणी आत येतं आणि कळेपर्यंत भाताचं नुकसान झालेलं असतं, म्हणून मी मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दरवाजाजवळ, पाण्याचा खारेपणा मोजायचं यंत्र बसवलंय, खारेपणा वाढला की बझर वाजतो. आर्डुइनो नॅनो, एमसीपी४७२५ डॅकचं मॉड्यूल, एलएम३५८ ऑपअँप (सिग्नल वाढवणारी चिप), स्टीलच्या दोन पट्ट्या, २६०० एमएएचचा एक १८६५० लिथियम सेल आणि त्याचे ५ व्होल्ट करणारा बूस्ट. डॅकच्या डेटाशीटमध्ये २१० मायक्रोअँप लिहिलंय म्हणून वाटलं वर्षभर बघायला नको, पण चौथ्या दिवशी सेल संपला. डॅक खराब आलाय का?
वाचक, चोडण

उत्तर : डॅक ठणठणीत आहे. आणि तुमचं काम वाचून खरंच बरं वाटलं, कारण खाजनात खारं पाणी शिरलं की नुसतं त्या सालचं भात जात नाही, जमिनीतलं मीठ धुऊन निघायला परत पावसाची वाट बघावी लागते. हे यंत्र चाललंच पाहिजे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशोब करू. २६०० एमएएच चार दिवसांत, म्हणजे ९६ तासांत गेले, तर सरासरी २७ मिलिअँप खर्च झाले. डॅकचे त्यातले ०.२१ मिलिअँप, म्हणजे शंभरातला जेमतेम एक वाटा. बाकीचे कुणी खाल्ले? नॅनो बोर्ड जागा असताना १५ ते २० मिलिअँप घेतो, त्याच्यावर यूएसबीची चिप आहे, पॉवरचा एलईडी आहे, रेग्युलेटर आहे, आणि हे सगळं ५ व्होल्टवर चालतंय म्हणून बूस्ट सेलकडून त्याच्या दीडपट करंट ओढतो. तुम्ही जिची चौकशी करताय ती चिप ह्या सगळ्यात सगळ्यात निरपराध.

आता तुम्ही नुसतं नाव घेऊन सोडलेली एक गोष्ट, त्या दोन पट्ट्या. समुद्राच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी साधारण ५० मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर असते, म्हणजे १ चौरस सेंटीमीटरच्या दोन पट्ट्या १ सेंटीमीटर अंतरावर समोरासमोर धरल्या तर मधला रेझिस्टन्स फक्त २० ओहम! तिथे तुम्ही १ व्होल्ट लावलात तर ५० मिलिअँप गेले. डॅकच्या आतला बफर, म्हणजे आउटपुटला करंट पुरवणारा भाग, एवढा करंट देऊच शकत नाही, आणि ऑपअँपने दिला तरी तो शेवटी सेलमधूनच येणार ना. म्हणून पट्ट्यांना १०० मिलिव्होल्टच्या आसपासच द्या, सिरीजमध्ये २२० ओहम टाका, आणि मोजायचं तेव्हाच द्या. डॅकचे २१० मायक्रोअँप वाचवायला धडपडायचं आणि आउटपुटला काय टांगलंय ते बघायचंच नाही, ही चूक मी इतक्या सर्किटांत बघितलीय की आता कुणाचंही सर्किट हातात आलं की मी पहिल्यांदा आउटपुटची तार कुठे जाते ते बघतो, चिपचा नंबर नंतर.

पट्ट्यांना सरळ डीसी देत असाल तर ते ताबडतोब बंद करा, डीसीने पट्टीवर गॅसचे बुडबुडे जमतात, स्टील खाल्लं जातं आणि रीडिंग रोज थोडं थोडं सरकत जातं. खरं तर इथेच डॅकचा उपयोग आहे, त्याच्याकडून १ किलोहर्ट्झच्या आसपासचं साइन वेव्ह काढून घ्यायचं. आयटूसी, म्हणजे कंट्रोलर आणि डॅक ज्या दोन तारांवरून बोलतात ती पद्धत, ४०० किलोहर्ट्झवर ठेवलात तर आर्डुइनोच्या साध्या लायब्ररीने एका चक्रात आठ-दहा पायऱ्या बसतात आणि ह्या कामाला तेवढ्या पुरतात. मधे एक कपॅसिटर टाकलात की अर्ध्या सप्लायवरचं डीसी अडतं आणि पट्ट्यांपर्यंत फक्त वर-खाली होणारा भाग पोचतो.

मग बदलायचं काय? नॅनो काढून ३.३ व्होल्टचा ८ मेगाहर्ट्झचा आर्डुइनो प्रो मिनी घ्या, त्याच्यावरचा एलईडी आणि रेग्युलेटर सोल्डरिंगने उचलून टाका, बूस्ट काढा, त्याच्या जागी एमसीपी१७०० हा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर लावा, तो स्वतः दीड-दोन मायक्रोअँपवर चालतो. तुमच्याकडे एएमएस१११७ पडलेला असेल, सगळ्यांकडे असतो, पण तो लावू नका, तो नुसता बसून ५ मिलिअँप खातो. एलएम३५८ सुद्धा बदला, ३.३ व्होल्टवर त्याचं आउटपुट वरच्या दीड व्होल्टपर्यंत पोचतच नाही, त्याच्या जागी एमसीपी६००२ चालेल. भरती-ओहोटी दिवसाला दोनदा, त्यामुळे दर सेकंदाला मोजून काही मिळत नाही, १५ मिनिटांतून एकदा २ सेकंद उठा, मोजा, झोपा. जागं असताना १० मिलिअँप धरले तर सरासरी २२ मायक्रोअँप पडतात, झोपेतले वॉचडॉगसकट, म्हणजे ठरल्या वेळी कंट्रोलरला उठवणाऱ्या घड्याळासकट, १० मायक्रोअँप धरा, एकूण ३२. कागदावर सेल नऊ वर्षं निघतो. तेवढी वर्षं प्रत्यक्षात मिळणार नाहीत कारण सेल स्वतःच आतल्या आत उतरत जातो, पण एक-दोन पावसाळे बघायला नको.

आता ह्याच हिशोबात डॅक सतत जागा ठेवला तर ३२ चे २४२ मायक्रोअँप होतात आणि नऊ वर्षांचं सव्वा वर्ष होतं. म्हणजे बोर्ड नीट केल्यावर मात्र डॅकचे २१० मोठे झाले, आधी ते २७ मिलिअँपच्या गर्दीत दिसतही नव्हते. आणि मॉड्यूलवर २ मिलिअँपचा एखादा लाल एलईडी राहून गेला तर दीड महिना.

एमसीपी४७२५ ला झोपवायची कमांड आहे, ती दिली की तो ६० नॅनोअँपपर्यंत खाली येतो. पण झोपल्यावर आउटपुट आतून ग्राउंडला जोडलं जातं, १ किलोओहम, १०० किलोओहम किंवा ५०० किलोओहम, हे तुम्ही निवडायचं. तुमच्या कामात आउटपुट शून्यावर आलं तरी बिघडत नाही, फक्त उठल्यावर पहिली काही चक्रं सोडून द्या, मधल्या कपॅसिटरला भरायला वेळ लागतो. काही जण कमांडच्या भानगडीत न पडता डॅकचा सप्लायच आर्डुइनोच्या पिनवरून देतात आणि पिन बंद करतात. चालतं, पण मग आयटूसीचे पुलअप रेझिस्टरसुद्धा (त्या दोन तारा सप्लायकडे ओढून धरणारे) त्याच पिनवर न्या. ते मेन सप्लायवर राहिले तर बंद केलेल्या चिपमध्ये सिग्नलच्या पायांतून, आतल्या प्रोटेक्शन डायोडमधून करंट शिरत राहतो, चिप धड झोपत नाही धड उठत नाही, आणि तुम्ही मीटर लावून डोकं धरून बसता.

प्रश्न : सर, मी फर्मागुढीला इंजिनीअरिंग करते. लॅबमध्ये आम्हाला डॅक०८०८ आणि ७४१ वर प्रॅक्टिकल आहे. मला प्रोजेक्टला बॅटरीवर चालणारं काहीतरी करायचंय, तीच चिप वापरू का? आणि ८ बिट, १२ बिट, १६ बिट, नक्की किती घ्यायचे?
विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : बाय, लॅबमध्ये डॅक०८०८ शिकवतात ते बरोबरच आहे, आर-टूआर शिडीत, म्हणजे आर आणि २आर अशा दोनच किमतींच्या रेझिस्टरांच्या साखळीत, करंट कसा अर्धा-अर्धा वाटला जातो ते त्याच्यात हाताने कळतं. पण बॅटरीला नको. त्याला प्लस-मायनस दोन सप्लाय लागतात, रेफरन्सलाच, म्हणजे ज्याच्या प्रमाणात आउटपुट ठरतं त्यालाच, २ मिलिअँप द्यावे लागतात, आउटपुट करंटमध्ये येतं म्हणून त्याचं व्होल्टेज करायला ७४१ हा ऑपअँप लागतो, आणि चिप एकटी ±५ व्होल्टवर ३३ मिलिवॉट घेते. आता टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा डॅक७३११ बघ, १२ बिट, सप्लाय १.८ व्होल्टपासून, आणि तिथे ८० मायक्रोअँप, म्हणजे ०.१५ मिलिवॉटसुद्धा नाही. दोनशेपटीचा फरक, आणि ऑपअँप आतच. अ‍ॅनालॉग डिव्हायसेसचा एडी५६०१ तसाच, तो ५ व्होल्टवर १०० मायक्रोअँपच्या आत राहतो पण ८ बिटचा आहे, त्याचे १० आणि १२ बिटचे भाऊ एडी५६११ आणि एडी५६२१. ह्या सगळ्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपा, त्यामुळे ब्रेडबोर्डवर लावायला अ‍ॅडॉप्टर बोर्ड लागेल, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवतानाच तो पण मागव, नाहीतर चिप हातात आणि प्रोजेक्टची तारीख उद्यावर.

ही मजल किती मोठी आहे ते कळायला एक गोष्ट सांगतो. १९५४ साली बर्नार्ड गॉर्डनने डॅट्रॅक नावाचं यंत्र बाजारात आणलं, ते उलट दिशेचं म्हणजे अ‍ॅनालॉगचं डिजिटल करणारं होतं, ११ बिटचं, आणि व्हॅक्यूम ट्यूबवर चालायचं. त्याला ५०० वॉट लागायचे. अशा कन्व्हर्टरच्या पोटात एक डॅक असतोच, कारण तो अंदाजाने एकेक आकडा काढून बघतो आणि आलेल्या व्होल्टेजशी ताडतो. पाचशे वॉटवरून मिलिवॉटच्या दशांशावर आपण आलोय, हे मला अजूनही थक्क करतं.

बिटांचं म्हणशील तर आधी पायरी केवढी हवी ते ठरव. ३.३ व्होल्टला ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या, एक पायरी १३ मिलिव्होल्टची. १२ बिट म्हणजे ४०९६ पायऱ्या, एक पायरी ०.८ मिलिव्होल्टची. १६ बिटला ती ५० मायक्रोव्होल्टवर येते, आणि ब्रेडबोर्डवरच्या तारांचा गोंधळच त्याच्यापेक्षा मोठा असतो, तेव्हा १६ बिट विकत घेऊन तू ११-१२ बिटच वापरणार. आणखी एक, ह्या स्वस्त आणि कमी पॉवरच्या चिपांत बहुतेक वेळा सप्लाय हाच रेफरन्स असतो, सप्लाय १ टक्का हलला की आउटपुट १ टक्का हलतं. ह्यावर लगेच वेगळा रेफरन्स लावायला धावू नकोस. मोजणारा एडीसीसुद्धा (अ‍ॅनालॉगचं डिजिटल करणारा भाग) त्याच सप्लायला रेफरन्स धरत असेल तर दोन्हीकडे चूक सारखी होते आणि कटते, कंट्रोलरवाल्या बऱ्याच प्रोजेक्टांत हे फुकट मिळतं. तसं जमत नसेल तरच रेफरन्स घे, आणि तो निवडताना करंट बघ. टीएल४३१ सगळीकडे मिळतो पण त्याला सरळ राहायलाच १ मिलिअँप द्यावा लागतो, म्हणजे डॅकच्या दहापट, आणि रेफ३३२५ तेच काम ४ मायक्रोअँपमध्ये करतो.

ईएसपी३२ वापरणार असशील तर त्याच्यात २५ आणि २६ नंबरच्या पिनवर ८ बिटचे दोन डॅक आतच आहेत, वेगळी चिप कशाला. पण एस३ आणि सी३ ह्या नवीन बोर्डांत ते नाहीत, घेण्याआधी नीट बघ.

प्रश्न : चवथीला गणपतीसमोर समुद्राचा देखावा करतो, लाइट हळूहळू वाढून कमी व्हायला पाहिजेत, लाटेसारखे. डॅक कुठला घेऊ?
वाचक, म्हापसा

उत्तर : कुठलाच नको. एलईडीला पीडब्ल्यूएम द्या, म्हणजे भराभर चालू-बंद करा, मधे मॉस्फेट, म्हणजे स्विचसारखा ट्रान्झिस्टर, टाका, डोळ्याला फरक कळत नाही. डॅकने एलईडीची स्ट्रिप मंद करायची म्हणजे मधला ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा ठेवायचा आणि उरलेली पॉवर उष्णतेत घालवायची, गणपतीवर बांधलेल्या फळा-पानांच्या माटोळीच्या खाली ते तापणं मला तरी नको वाटतं. फक्त आकडे सरळ रेषेत वाढवू नका, सुरुवातीला अगदी हळू आणि शेवटी भराभर वाढवा, डोळ्याला तेव्हाच ती लाट वाटते. देखाव्यात लाटांचा आवाज किंवा घुमट-आरती वाजवायची असेल तर पीसीएम५१०२ सारखा आयटूएसवाला (आवाजाच्या डेटासाठीच्या तारांवर चालणारा) ऑडिओ डॅक घ्या, एमसीपी४७२५ वर गाणं वाजवायच्या नादी लागू नका, आयटूसीच्या ४०० किलोहर्ट्झवर फार फार तर सेकंदाला वीसएक हजार नमुने जातात आणि तेही दुसरं काहीच न करता.

प्रश्न : माझ्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) ठिबकमधून खत सोडायला छोटा पंप आहे, त्याचा ड्रायव्हर ० ते ५ व्होल्टवर स्पीड घेतो. एमसीपी४७२५ जोडला, आणि प्रोग्राम घालायच्या आधीच, नुसता सप्लाय दिल्याबरोबर पंप अर्ध्या स्पीडने सुरू झाला! बादलीभर खत वाया गेलं. नंतर सगळं नीट चाललं, पण आता दोन आठवड्यांनी लाइट गेली आणि आली की काहीही आकडा येतो.
वाचक, काणकोण

उत्तर : हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि दोन्ही एकाच जागेचे. ह्या चिपच्या आत छोटी ईईप्रॉम मेमरी आहे, सप्लाय गेला तरी न विसरणारी, सप्लाय आला की चिप कंट्रोलरची वाट न बघता त्या मेमरीतला आकडा सरळ आउटपुटला देते. कारखान्यातून येताना तिथे बरोबर मधला आकडा असतो, ४०९६ पैकी २०४८, म्हणून ५ व्होल्टवर अडीच व्होल्ट आले आणि पंप अर्ध्यावर सुरू झाला. नवीन चिप पंपाला जोडायच्या आधी टेबलावर घेऊन मेमरीत एकदा शून्य लिहून टाकायचं, मगच बाकीचं. पंपासारख्या, हीटरसारख्या कुठल्याही गोष्टीला हे विसरू नका, खतावर निभावलं हे नशीब.

दुसरा प्रकार तुमच्या प्रोग्राममध्ये असणार, ओळ बघा. व्होल्टेज सेट करायच्या कमांडमध्ये शेवटी ट्रू लिहिलंय का? ट्रू म्हणजे आउटपुट बदल आणि मेमरीतही लिही. मेमरी सुमारे १० लाख वेळा लिहिता येते, हे ऐकायला खूप वाटतं, पण तुम्ही दर सेकंदाला लिहीत असाल तर दिवसाला ८६,४०० होतात आणि साडेअकरा दिवसांत १० लाख पुरे. तुमचे दोन आठवडे तिथे बरोबर जुळतात. शिवाय प्रत्येक लिहिण्याला २५ ते ५० मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ करंटही जास्त जातो. फॉल्स करा. ही चिप मात्र आता बदला, आणि पंपाच्या ड्रायव्हरला एक वेगळी ऑन-ऑफ पिन असली तर ती रिलेवरून कंट्रोलरकडे न्या, म्हणजे कंट्रोलर जागा होऊन हो म्हणेपर्यंत पंप हलणारच नाही. काणकोणला पावसात लाइट दिवसातून किती वेळा जाते-येते ते तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : मी वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मेंटेनन्सला आहे. टाकीच्या लेव्हलसाठी दोन वायरचा ४-२० मिलिअँप ट्रान्समीटर स्वतः करून बघतोय, शिकायसाठी. ईएसपी३२ आणि एमसीपी४७२५ घेतलाय. लूपवर चालवला की ईएसपी रीसेट होत राहतो.
वाचक, कुठ्ठाळी

उत्तर : कमी पॉवरचा डॅक का बनवला हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने दोन वायरचा ट्रान्समीटर एकदा तरी करून बघावा, तुम्ही योग्य जागी हात घातलाय. ह्याच्यात सिग्नल आणि सप्लाय एकाच दोन वायरींत असतो. ह्या दोन वायरींच्या फेऱ्याला लूप म्हणतात आणि त्यातला करंटच टाकीची पातळी सांगतो, भरलेली असताना २० मिलिअँप, रिकामी असताना ४, आणि त्या ४ मिलिअँपमध्येच तुमचं सगळं सर्किट जगलं पाहिजे. बिघाड दाखवायला ३.६ मिलिअँपपर्यंत खाली जायची पद्धत आहे, म्हणून खरं बजेट ३.५. ईएसपी३२ वायफाय चालू करताना शंभर-दोनशे मिलिअँप मागतो, तो ह्या घरात राहूच शकत नाही, कोड कितीही सुधारा.

बजेट असं मांडा. लूपचा करंट आवळणारी चिप एक्सटीआर११५, ती स्वतः २०० मायक्रोअँप घेते आणि वर तुम्हाला ५ व्होल्टचा सप्लाय आणि २.५ व्होल्टचा रेफरन्स देते. डॅक १००-२०० मायक्रोअँप. १ मेगाहर्ट्झवर चालवलेला साधा ८ बिट कंट्रोलर १ मिलिअँपच्या आसपास. राहिले दोन मिलिअँप, ते सेन्सरला. आणि इथे बरेच जण अडकतात, ३५० ओहमचा स्ट्रेनगेज ब्रिज (ताण मोजणारा सेन्सर) घेतात आणि ५ व्होल्ट देतात, म्हणजे १४ मिलिअँप, संपलं. ५ किलोओहमचा सिलिकॉन प्रेशर सेन्सर घ्या, २.५ व्होल्टवर अर्धा मिलिअँप लागेल.

एक्सटीआर११५ आत आलेल्या करंटच्या १०० पट लूपमध्ये सोडतो, म्हणजे आत ४० ते २०० मायक्रोअँप द्यायचे. चाळीस रेफरन्सवरून ६२.५ किलोओहममधून कायमचे, आणि वरचे १६० डॅककडून, डॅक ० ते २.५ व्होल्ट देणारा असेल तर १५.६ किलोओहममधून. हे रेझिस्टर १ टक्क्याचे नकोत, ०.१ टक्क्याचे घ्या, नाहीतर १२ बिटच्या डॅकला काही अर्थ राहत नाही. एमसीपी४७२५ चा रेफरन्स त्याचा सप्लायच असतो, त्यामुळे इथे वेगळी रेफरन्स पिन असलेला एसपीआयवाला एमसीपी४९२१ बघा आणि त्याला हेच २.५ व्होल्ट द्या, फक्त तो १७५ मायक्रोअँपच्या आसपास घेतो तेवढा बजेटमध्ये धरा. सगळं एकाच चिपमध्ये हवं असेल तर एडी५४२१ आहे, १६ बिट, लूपवरच चालणारा, ३०० मायक्रोअँपच्या आत, पण महाग, आणि शिकायचंय तर सुटे भागच लावा.

एक चूक माझी सांगतो, तुमची होऊ नये म्हणून. वीस वर्षांपूर्वी असाच ट्रान्समीटर एका कारखान्यात चालू लूपवर लावला होता आणि प्रोग्राम बदलायला मी लॅपटॉपची केबल सरळ त्याला जोडली. लॅपटॉप चार्जरवर होता, त्याच्या अर्थमधून करंटला दुसरी वाट मिळाली, पॅनेलवर टाकी एकदम भरलेली दिसली आणि तिथल्या ऑपरेटरने इनलेट बंद केला. तासाभराचं काम थांबलं. दोन वायरच्या सर्किटाचं ग्राउंड म्हणजे लूपची मायनस वायर नव्हे, ते त्या दोन्हींच्या मधे कुठेतरी तरंगत असतं. प्रोग्राम घालायचा तेव्हा लूप सोडवा, किंवा आयसोलेटरवाली केबल वापरा.

प्रश्न : तुमचंच वाचून मी कमी करंटसाठी सगळे रेझिस्टर १ मेगाओहमचे केले, डॅकचं आउटपुट विभागून बायस, म्हणजे सर्किटाला आधाराचं स्थिर व्होल्टेज, देतो. मे महिन्यापर्यंत एकदम बरोबर चाललं, जून लागला आणि आकडे सरकायला लागले. बोर्ड बंद डब्यात आहे.
वाचक, वास्को

उत्तर : रेझिस्टर मोठे करा हे मी लिहिलं होतं आणि पावसाळ्याचं लिहायचं राहिलं, त्याबद्दल माफी. करंट कमी करायला रेझिस्टर मोठा केला की बोर्डचा पृष्ठभागही सर्किटाचा भाग होतो. फ्लक्सचा थर, त्याच्यात खाऱ्या हवेतलं मीठ, वर जूनची दमट हवा, की दोन पॅडच्या मधे १०० मेगाओहमची वाट सहज तयार होते. तुमच्या १ मेगाओहमला ती समांतर बसली की १ टक्का चूक, आणि १२ बिटमध्ये १ टक्का म्हणजे ४० पायऱ्या. १० किलोओहमच्या जागी हीच गळती दिसलीसुद्धा नसती. डबा बंद असून उपयोग नाही, रात्री गार झाला की आतल्याच हवेचं पाणी बोर्डवर बसतं.

आधी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून धुवा, नुसतं पुसू नका, पुसल्याने फ्लक्स पसरतो. मग टेबल लॅम्पखाली दोन-तीन तास नीट सुकवा आणि गरम असतानाच कॉन्फॉर्मल कोटिंगचा (ओल अडवणाऱ्या थराचा) फवारा मारा, दोन हात. ओल्या बोर्डवर कोटिंग मारलंत तर ओल कायमची आत राहील. रेझिस्टर १०० किलोओहमवर आणा, आणि वाढलेला करंट दुसरीकडून परत मिळवा, विभागणीची खालची टोकं ग्राउंडला न जोडता कंट्रोलरच्या पिनवर न्या, मोजताना पिन शून्यावर, एरवी मोकळी, म्हणजे झोपेत ह्या रेझिस्टरांतून काही जात नाही. हे करताना डॅकला झोपवताना ५०० किलोओहमवाला पर्याय घेतला असेल तर तो १ किलोओहमवर बदला, झोपेत आउटपुटची तार जेवढी घट्ट ग्राउंडला धरलेली असेल तेवढी पावसात बरी.